यादीतलं बाविसावं काम

सिंगापुरात हौगांगच्या आमच्या फ्लॅटच्या दाराला आतल्या बाजूने एक यादी चिकटवलेली असे. सुट्टीत भारतात जायच्या दिवशी ती वाचायची आणि त्याप्रमाणे घर बंद करायचं. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवणे, कचरा टाकणे, शेगडीचा गॅस बंद, खिडक्या बंद, किल्ली शेजारी देणे आणि सगळ्यात शेवटी मेन स्विच बंद करणे. यादी माझी होती, पण ते शेवटचं काम माझ्या आईचं. चार दिवसांसाठी कुठे जायचं असलं तरी मेन स्विच खाली पाडल्याशिवाय आई दाराला कुलूप लावू देत नसे. मी सिंगापूरला आल्यावरही माझं ते सुटलं नाही. एकदा विमानतळाकडे निघालेलो असताना, टॅक्सी एक्स्प्रेसवेला लागल्यावर नवऱ्याने सहज विचारलं, "मेन बंद केलास ना?" मला खात्रीने सांगता येईना. टॅक्सी परत फिरवली. मेन बंदच होता. विमान थोडक्यात मिळालं, आणि आपण काही वावगं केलं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं या सवयीतून झालं.

माझा मोठा भाऊ, दादा, सत्तावीस वर्षं कॅनडात होता. तलावाकाठचं एक लहान शहर, दुमजली लाकडी घर, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत त्याने आयुष्य काढलं आणि निवृत्त झाला. मूलबाळ नाही. ही गोष्ट घडली त्या वर्षी मार्चमध्ये वहिनी गेली. उन्हाळा त्याने कसाबसा काढला, पण ऑगस्टपासून फोनवरचा त्याचा आवाज इतका बारीक होत गेला की मी ठरवून टाकलं, हा हिवाळा त्याने तिथे एकट्याने काढायचा नाही. सिंगापूरला आमच्याकडे यायचं.

तो तयार झाला, पण एका अटीवर. "एप्रिलला मी परत जाणार. घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, तिची एक वस्तू हलवायची नाही. जसं सोडीन तसंच मला परत मिळालं पाहिजे."

मी म्हटलं, "ते माझ्याकडे लागलं."

मी कधी बर्फ पाहिलेला नव्हता. माझी थंडी म्हणजे चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसचा एसी, ज्याच्यासाठी मी बारा महिने खुर्चीच्या पाठीवर स्वेटर ठेवत असे. पण कामाची यादी करणं मला येत होतं. एका बँकेच्या बॅक-ऑफिसात मी इतरांनी केलेली कामं ताडून पाहायचं काम करत होते. कोणी काय गाळलं, कोणी कुठे सही केली नाही, हे शोधायचा मला पगार मिळत होता. तेव्हा घर हिवाळ्यासाठी तयार करायचं म्हणजे काय हे मी इंटरनेटवर वाचायला घेतलं. दोन रविवार वाचलं, टिपणं काढली आणि दादाच्या मागे लागले.

सप्टेंबरच्या शेवटापासून दर रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी संध्याकाळी, मी स्वस्त परदेशी फोनासाठीच्या कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवत असे.

"पन्हळींमधली पानं काढलीस?"

"काढतो."

"काढतो नाही दादा. काढलीस की नाही? पानं अडकली की पाणी साचतं, त्याचा बर्फ होतो आणि छप्पर गळतं."

"अगं, शिडी सापडत नाहीये."

"सत्तावीस वर्षं त्याच घरात राहतोस आणि शिडी सापडत नाही?"

"ती ठेवायची कुठेतरी."

मला पहिला धक्का तिथे बसला. साडीवर जॅकेट चढवून फोटोत उभी राहणारी माझी पाच फुटांची वहिनी दर ऑक्टोबरात शिडीवर चढून पन्हळी साफ करत होती. बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करणं, बागेतली नळी रिकामी करून गुंडाळणं, खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावणं, फर्नेस म्हणजे तळघरातली घर गरम करणारी भट्टी माणूस बोलावून तपासून घेणं, हे सगळं तीच बघायची. दादा बर्फ उपसायचा आणि गाडी चालवायचा. बाकी हिवाळा आपोआप घराबाहेर राहतो असं त्याला वाटत आलं होतं.

"तुला इतकी वर्षं दिसलं नाही का रे हे?"

"दिसायचं. मी म्हणायचो, कशाला एवढं. ती म्हणायची, तुम्ही गप्प बसा."

"मग आता मी म्हणते. गप्प बस आणि शिडी शोध."

शिडी गॅरेजच्या छताखाली आडवी टांगलेली सापडली. पन्हळी साफ झाल्या. खिडक्यांना पट्ट्या लागल्या. तो एकेक काम करून मला सांगायचा आणि मी माझ्या कागदावर खूण करायची. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. नवरा म्हणायचा, "दादांना बायको गेल्याचं दुःख करायला तरी वेळ ठेव." मी म्हणत असे, कामात राहिला तर सावरेल. ते अगदीच खोटं नव्हतं. ऑक्टोबरात त्याचा आवाज जरा भरला होता.

नोव्हेंबरात निघायच्या दहा दिवस आधी मी पक्की यादी ईमेलने पाठवली. पहिली सोळा कामं इंटरनेटवरची, थंडीच्या देशातल्या लोकांनी लिहिलेली. अकरावं काम होतं, हीटिंग तेरा अंशांवर चालू ठेवणे. त्याच्याखाली मी आमच्या दारावरची सहा कामं जशीच्या तशी उतरवली, कारण घर बंद करायचं म्हणजे ती करायचीच. बाविसावं काम, मेन स्विच बंद करणे. यादी मी दोनदा तपासली. दोन्ही वेळा शुद्धलेखन तपासलं.

दादा आला तो एका लहान बॅगेसह. आठवडाभर झोपला, मग हळूहळू उठला. सकाळी मार्केटमधून मेथी आणायचा, खाली फेऱ्या मारायचा, माझ्या मुलीला गणित शिकवायचा. ती चौदा वर्षांची, मराठीत विचारलं तरी सिंगापुरी इंग्रजीत उत्तर देणारी. "मामा, टू स्लो लाह," म्हणायची आणि तो हसायचा. एकदा जेवताना मी विचारलं, "फ्रिज नीट रिकामा केलास ना?"

"केला. तिने केलेल्या पुरणपोळ्या होत्या फ्रीजरमध्ये, शेवटच्या. पाच होत्या. दोन दिवसांत संपवल्या."

त्याने त्या आठ महिने ठेवल्या होत्या. तो पुढचा भात कालवत होता, मी त्याच्या पानात तूप वाढलं.

संक्रांतीच्या आदल्या शनिवारी सकाळी फोन आला. दादा टेबलाशी बसून तीळ निवडत होता. फोन त्याच्या समोरच्या घरातल्या शेजाऱ्यांचा होता, एका निवृत्त शाळामास्तरांचा. दादाची पत्रपेटी रिकामी करायचं आणि दारासमोरचा बर्फ काढून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. किल्लीही होती, पण आत जायचं कारण पडलं नव्हतं. तिथल्या शुक्रवारच्या संध्याकाळी त्यांना गॅरेजच्या दाराखालून बाहेर आलेला बर्फ दिसला. तो पडलेला नव्हता, आतून वाहत आलेला होता. ते किल्ली घेऊन आत गेले होते आणि आत उभे राहूनच बोलत होते.

मी स्पीकर लावला. ते हळू आवाजात सांगत होते, मृत्यूची बातमी सांगावी तसं. घरात बाहेरच्याइतकीच थंडी आहे. वरच्या न्हाणीघरातले नळाचे पाइप फुटले आहेत. मधे दोन दिवस थंडी कमी झाली होती तेव्हा पाणी वाहिलं असावं, ते जिन्यावरून खाली आलं आणि परत गोठलं. दिवाणखान्याचं छत खाली आलं आहे. मग त्यांनी विचारलं, "मी तळघरात जाऊन पाहिलं. तुमचा मेन स्विच बंद आहे. हे तुम्हाला माहीत होतं का?"

दादा म्हणाला, "हो. मीच बंद केला."

मला अजून कळलंच नव्हतं. मी म्हटलं, पण हीटिंग तर गॅसवर आहे ना? शेजाऱ्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं की भट्टी गॅसवर असली तरी ती पेटायला वीज लागते, आणि गरम हवा घरभर ढकलणारा पंखाही विजेवरच चालतो. मेन बंद म्हणजे भट्टी बंद. हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं.

अर्ध्या तासाने त्यांनी ईमेलने फोटो पाठवले. मुलीच्या कॉम्प्युटरवर आम्ही ते उघडले. पहिल्याच फोटोत जिना होता. प्रत्येक पायरीवरून बर्फ खाली उतरला होता, काचेसारखा, आणि कठड्यावरून त्याचे सुळे लोंबत होते. "वा, सो प्रिटी," मुलगी म्हणाली, आणि मामाकडे लक्ष जाताच तिने तोंडावर हात ठेवला. पुढचा फोटो वहिनीच्या कपाटाचा होता. दार अर्धं उघडं, आणि आत हँगरला लावलेल्या साड्या एकमेकींना चिकटून गोठलेल्या. एका हिरव्या साडीचा पदर कपाटाबाहेर आला होता आणि ताठ आडवा राहिला होता, खाली न पडता.

तो पदर बघून मी दादावर ओरडले. लिहितानाही लाज वाटते, पण ओरडले. "सत्तावीस हिवाळे काढलेस तिथे. एवढं कळू नये तुला?"

तो फोटोकडे बघत होता. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"घरात हीटिंग चालू ठेव असं मी स्वच्छ लिहिलं होतं. अकरा नंबरला."

"लिहिलं होतंस."

"आणि तरी मेन बंद केलास."

"हो."

त्याने एकदाही म्हटलं नाही की मेन बंद कर असंही लिहिलं होतं. ते मला त्या क्षणी आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आठवत होतं. पण माझं म्हणणं होतं की यादी करणारी हौगांगमध्ये बसलेली बाई. करणाऱ्याने डोकं वापरायला नको का? पुढचे चार दिवस पुण्याहून ज्या ज्या नातेवाइकांचे फोन आले त्यांना मी हेच सांगितलं. दादाने मेन बंद केला. काय करणार, वहिनी गेल्यापासून त्याचं लक्ष नसतं. दादा शेजारच्या खोलीत असे. दार उघडंच असे.

बुधवारी विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्याने विचारलं, घर रिकामं असताना हीटिंग बंद करायचं तुम्हाला कोणी सुचवलं होतं का? दादा म्हणाला, "नाही. मी माझ्या मनाने केलं." मी समोर बसले होते आणि तेव्हाही मला वाटलं, बरोबर सांगतोय.

विम्याचा कागद हवा होता म्हणून त्याने मला त्याची निळी फाइल काढायला सांगितली. तो स्वतः चष्मा शोधत राहिला. फाइलमध्ये पासपोर्टच्या प्रती, वहिनीचा मृत्यूचा दाखला, विम्याचे कागद आणि त्यामागे माझी यादी होती, छापून काढलेली. प्रत्येक कामापुढे पेन्सिलीने बारीक खूण. नकाशे काढणाऱ्याचं सुबक अक्षर. काही कामांपुढे तारीख. पुरणपोळ्यांच्या कामापुढे, म्हणजे फ्रिजच्या, दोन खुणा. आणि बाविसाव्या कामापुढे लिहिलं होतं:

"विचारले. करायचेच म्हणाली."

मी खाली बसले. आधी खरोखरच काही आठवेना. मग ऑफिसचा कॉरिडॉर आठवला. मीटिंगच्या खोलीचं दार मी पायाने अडवून धरलं होतं, आत माझी बोलायची पाळी आली होती, मोबाइल कानाला होता. त्याचा निघायचा दिवस. तो म्हणाला होता, "ते शेवटचं आहे ना, मेनचं, ते जरा मला..." आणि मी म्हटलं होतं, "दादा, लिहिलंय ते सगळं करायचं. एकही गाळायचं नाही. एकदा तरी वाद न घालता कर." तो "बरं" म्हणाला. पुरतं अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. फोन ठेवून मी आत गेले आणि कोणा दुसऱ्याने कुठली पायरी गाळली यावर चाळीस मिनिटं बोलले.

म्हणजे त्याला कळलं होतं. सत्तावीस हिवाळे काढलेल्या माणसाला जे कळायला हवं ते बरोबर कळलं होतं. त्याने योग्य वेळी, योग्य माणसाला विचारलंही होतं. माझ्या नोकरीत यापेक्षा जास्त कोणाकडून मागत नाहीत.

तो चष्मा लावून आला आणि माझ्या हातातला कागद त्याने पाहिला.

"विम्याचा कागद त्याच्यापुढे आहे," तो म्हणाला.

"दादा, तू बोलला का नाहीस? चार दिवस मी जगाला सांगतेय."

"तू कामात होतीस तेव्हा."

"तेव्हाचं नाही. आता. मी तुझ्यावर ओरडले तेव्हा."

तो खुर्ची ओढून बसला. "काय बोलू? स्विचवर हात माझा होता." खाली कोणाची तरी मुलं सायकली फिरवत होती, त्यांचा आवाज येत होता. "आम्ही भारतात यायचो ते उन्हाळ्यात. तेव्हा ती मेन बंद करूनच निघायची. मला वाटलं, हिवाळ्यात नसतं करायचं बहुतेक. पण बहुतेकच वाटलं. ती असती तर मी तिच्याशी वाद घातला असता, आणि ती बरोबर निघाली असती. आता वाद कोणाशी घालू? मला माझंच खरं वाटेनासं झालंय गं. तू इतकं ठणकावून सांगितलंस, मला वाटलं, हिला माहीत असणार."

मी रडले वगैरे नाही. मला रडू येत नव्हतं. मी विमा कंपनीला फोन लावायला उठले, खरं काय ते सांगायला. त्याने फोनवर हात ठेवला.

"बस खाली. त्याने काय होणार आहे? त्यांना माणूस नको आहे, पैसे नाकारायला स्विच बंद होता एवढं पुरे आहे."

"मग पुण्याला तरी सांगते."

"ते सांग," तो म्हणाला. "ते सांगितलंस तर मला बरं वाटेल."

मी एकेकाला फोन करून सांगितलं. तीन वाक्यं होती, ती सात घरी सांगितली. काकू म्हणाल्या, "अगं बाई, तुझ्याकडून?" नवरा पेपर वाचत असल्यासारखं करत होता.

मी फोन ठेवून आले तर दादा स्पीकरवर शेजाऱ्यांशी बोलत होता, आणि मी दारातच थांबले. तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. "नाही, भिंत वाळेल म्हणून वाट बघायची नाही. न्हाणीघराच्या मागची भिंत आधी उघडायची. तिच्या आत कापसासारखं भरलेलं असतं ते सगळं काढून टाकायचं. महिनाभर तसंच राहिलं तर बुरशी लागेल आणि मग पाडावंच लागेल. मी येतो." शेजारी म्हणाले, एप्रिलपर्यंत थांबा, इथे फार थंडी आहे. दादा म्हणाला, "थंडी मला माहीत आहे."

मी म्हटलं, "मीपण येते. रजा टाकते."

"तू नको. तिथे तुझा उपयोग नाही."

"मदत तरी करीन."

"तुला अजून भट्टी म्हणजे काय ते नीट कळलेलं नाही. इथे राहा आणि ते तीळ संपव निवडून."

पुढच्या शुक्रवारी तो गेला. पाच आठवडे शेजाऱ्यांकडे राहिला आणि रोज समोर जाऊन भिंती उघडणाऱ्या माणसांच्या डोक्यावर उभा राहिला. जिना वाचला. वरच्या दोन्ही खोल्या आतून नव्याने कराव्या लागल्या. साड्या शेजारीणबाईंनी एकेक सोडवून त्यांच्या न्हाणीघरात वाळत घातल्या. सुती टिकल्या. रेशमी बऱ्याचशा गेल्या, रंग एकमेकींत उतरून. त्याने जसं सोडलं होतं तसं घर त्याला परत मिळालं नाही. हे मी कुठल्याही बाजूने पाहिलं तरी तसंच राहतं.

मार्चमध्ये एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. कार्डाचा नंबर फिरवायचं काम माझं, पण त्या दिवशी फोन त्यानेच केला.

"घरात आहे," तो म्हणाला. "काल रात्रीपासून. खालच्या खोलीत गादी टाकलीय. वर अजून छत नाही, ताडपत्री आहे. पण फर्नेस चालू झाली."

"गरम होतं?"

"होतं हळूहळू. थांब, ऐकवतो."

तो गरम हवा येते त्या जमिनीतल्या जाळीपाशी वाकला असणार, कारण त्याच्या कण्हण्याचा आवाज आला आणि मग काही नाही. मी फोन कानाला दाबून हॉलमध्ये उभी होते. डोक्यावर आमचा पंखा पाचवर होता.

"आला का आवाज?" त्याने लांबून विचारलं.

पंख्यामुळे मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी पंखा बंद केला आणि म्हटलं, "नाही आला. पुन्हा धर."